आपल्याच गावात न दिसणारा सामना

१ सप्टेंबर २००७ या शनिवारी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बरच्या स्टेडियममध्ये एक लाख नऊ हजारांहून जास्त माणसं जमली होती. मोसमाचा पहिला सामना. मिशिगन विद्यापीठाचा संघ देशात पाचव्या क्रमांकावर. समोर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातल्या बून या लहानशा गावातून आलेला, खालच्या गटात खेळणारा अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठाचा संघ. मोठे संघ मोसमाच्या सुरुवातीला असे सोपे सामने मुद्दाम ठेवतात आणि पाहुण्या विद्यापीठाला त्याचा मोबदला देतात. त्या दिवशी शेवटची सहा सेकंदं उरली असताना मिशिगननं विजयासाठी मारलेली किक कोरी लिंच या खेळाडूनं अडवली, चेंडू उचलून तो पळत सुटला, आणि अ‍ॅपलाचियन स्टेटनं सामना ३४-३२ असा जिंकला. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत धक्कादायक निकालांमध्ये आजही त्याचं नाव घेतलं जातं.

सामना टीव्हीवर थेट दाखवला जात होता. पण मिशिगन राज्यातली सर्वांत मोठी केबल कंपनी कॉमकास्ट, आणि कॉमकास्टच्या ग्राहकांना तो दिसत नव्हता. म्हणजे खुद्द अ‍ॅन आर्बरमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरांमध्ये, ज्यांचे आई-बाप आणि आजी-आजोबा याच विद्यापीठात शिकले अशा असंख्य घरांमध्ये लोक रेडिओ लावून बसले होते. सॅटेलाइटची डिश असणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या माणसाला तोच सामना सोफ्यावर बसून पाहता येत होता.

कारण साधं होतं. सामना ‘बिग टेन नेटवर्क’ या वाहिनीवर होता आणि ती वाहिनी सुरू होऊन तिसराच दिवस होता. मिशिगन, ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन अशी मध्य-पश्चिमेतली बलाढ्य विद्यापीठं ‘बिग टेन’ नावाच्या संघटनेत एकत्र आहेत. या संघटनेनं फॉक्स कंपनीला ४९ टक्के भागीदारी देऊन स्वतःची वाहिनी काढली. त्यांची अट अशी, की आमच्या राज्यांमध्ये ही वाहिनी प्रत्येक केबलधारकाच्या मूळ पॅकेजमध्ये हवी. म्हणजे फुटबॉल न पाहणाऱ्या आजीबाईंच्या बिलातूनही दरमहा पैसे यावेत. कॉमकास्टचं म्हणणं, की ज्यांना हवं त्यांनी खेळांचं वेगळं पॅकेज घ्यावं. दोघांनाही आपापला हिशेब पक्का ठाऊक होता. तडजोड झाली ती जून २००८ मध्ये, पूर्ण एक मोसम वाया गेल्यावर.

मराठी वाचकाला इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. त्याचं व्यावसायिक रूप एनएफएलमध्ये रविवारी दिसतं. शनिवार विद्यापीठांचा. अनेक राज्यांत व्यावसायिक संघच नाही. नेब्रास्का, अलाबामा, ओक्लाहोमा इथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. नेब्रास्कातल्या लिंकन गावच्या स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपत आली आहेत. कधीही कॉलेजची पायरी न चढलेला शेतकरी, ट्रक चालवणारा माणूस, रुग्णालयातली परिचारिका, सगळे त्या संघाला ‘आमचा’ म्हणतात, आणि तो खरंच त्यांचा आहे, कारण यांतली बहुतेक विद्यापीठं सरकारी आहेत. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगामुळे ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत मराठी कुटुंबं स्थिरावली. त्यांची मुलं अ‍ॅन आर्बरला शिकायला जातात आणि सप्टेंबर आला की घरात गणपतीच्या आरतीबरोबर पिवळे-निळे टी-शर्टही दिसू लागतात.

या माणसांची तक्रार समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागतं.

कॉलेज फुटबॉल टीव्हीवर आला तोच मुळी स्थानिक प्रेक्षकासाठी. ३० सप्टेंबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅम आणि वेन्सबर्ग यांच्यातला सामना प्रायोगिक प्रक्षेपणातून दाखवला गेला. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात फिल्को या रेडिओ-टीव्ही बनवणाऱ्या कंपनीनं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे घरचे सगळे सामने शहरातल्या मूठभर संचांवर दाखवले. शहराचं विद्यापीठ, शहरातलीच कंपनी, शहरातलेच प्रेक्षक. दहा वर्षं ही व्यवस्था सुखानं चालली.

मग विद्यापीठांच्या राष्ट्रीय संघटनेला, एनसीएएला, भीती वाटू लागली की घरबसल्या सामना दिसला तर लोक तिकिटं काढणार नाहीत. १९५१ मध्ये संघटनेनं प्रक्षेपणावर बंधनं घातली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं ती मानायला नकार दिला. संघटनेनं त्यांना बेशिस्त ठरवलं, प्रतिस्पर्धी विद्यापीठं त्यांच्याशी खेळायला नाही म्हणू लागली आणि शेवटी पेनला माघार घ्यावी लागली. पुढची तीसहून जास्त वर्षं कोणता सामना कोणाला दिसणार, हे संघटनेच्या कार्यालयात ठरू लागलं.

त्या काळातली १९६६ ची गोष्ट जुन्या चाहत्यांना आजही सांगावीशी वाटते. १९ नोव्हेंबरला नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट, देशातले पहिले दोन संघ, समोरासमोर येणार होते. नियम असा होता की एका संघाला मोसमात एकदाच देशभर दिसता येईल, आणि नोत्र दामनं आपली ती संधी पर्ड्यूविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात वापरली होती. म्हणून शतकातला सर्वांत मोठा म्हणून गाजवलेला सामना प्रादेशिक प्रक्षेपणापुरता उरला. एबीसी वाहिनीकडे सुमारे ५० हजार पत्रं आली. अखेर देशाच्या बहुतेक भागात सामना दाखवायची सोय निघाली, पण कागदोपत्री तो ‘प्रादेशिक’ राहावा म्हणून दोन राज्यं मुद्दाम वगळली गेली. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. एरवी गप्प असलेल्या प्रेक्षकानं पेन उचललं की व्यवस्था हलते, याचा हा पहिला मोठा दाखला आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

खरा तडाखा बसला तो न्यायालयात. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी एनसीएएवर दावा लावला आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी संघटनेची मक्तेदारी मोडली. निकालपत्रातला एक तपशील बोलका आहे. १९८१ मधल्या एका शनिवारी ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा सामना २०० हून अधिक स्थानकांवर होता आणि सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलाचियन स्टेट फक्त चार स्थानकांवर. पैसे मात्र चौघांना सारखेच मिळाले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताच्या निकालात लिहिलं की ही व्यवस्था प्रेक्षकाच्या मागणीला किंमत देत नाही. विरोधी मत दिलं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा खेळ विद्यापीठाच्या शैक्षणिक कामाचा भाग आहे, त्याला निव्वळ बाजाराच्या कायद्यानं मोजू नका, असा त्यांचा सूर होता. पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं ते पाहिलं की अल्पमतातल्या त्या निकालपत्राचं वजन वाढत गेलंय असं मला वाटतं.

आपल्याकडेही असा एक निकाल आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलं होतं. पुढे २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. भारताचा क्रिकेट सामना दूरदर्शनवर दिसतो त्यामागे हा कायदा आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळाबाबत प्रेक्षकाच्या बाजूनं असं कोणतंही कलम नाही.

१९८४ नंतरची काही वर्षं स्थानिक चाहत्याला बरी गेली. सामने एकदम स्वस्त झाले आणि गावोगावच्या स्थानकांना ते परवडू लागले. दक्षिणेत शार्लट शहरातली जेफरसन-पायलट ही कंपनी १९९२ पासून आग्नेय विभागाचे, म्हणजे एसईसीचे, दुपारचे सामने स्थानिक वाहिन्यांना पुरवत होती. त्या प्रक्षेपणाची लोक तक्रारही करायचे. चित्र धूसर, कॅमेरे कमी. एका काळात तिन्ही समालोचकांचं नाव डेव्ह होतं. डेव्ह नील, डेव्ह आर्चर आणि डेव्ह बेकर. पण छतावरच्या अँटेनावर, एक पैसाही न देता, अलाबामातल्या खेड्यातल्या माणसाला आपला संघ दिसायचा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एसईसी नेटवर्क सुरू झालं आणि ही मोफत सोय बंद झाली. चित्र लख्ख झालं, कॅमेरे वाढले आणि दर महिन्याचं बिल आलं.

हीच चाल नंतर जागोजागी खेळली गेली. टेक्सास विद्यापीठानं ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबर २० वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार करून ऑगस्ट २०११ मध्ये ‘लाँगहॉर्न नेटवर्क’ काढलं. विद्यापीठ ऑस्टिनमध्ये, आणि ऑस्टिनमधली केबल प्रामुख्यानं टाइम वॉर्नर कंपनीची. टाइम वॉर्नरनं ही वाहिनी पहिले दोन पूर्ण मोसम घेतलीच नाही. अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेचं, म्हणजे एसीसीचं, नेटवर्क ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं; कॉमकास्टच्या ग्राहकांना ते मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे तीन मोसम.

पण या सगळ्यांत पश्चिम किनाऱ्याची कहाणी सर्वांत दुखरी आहे, तिथं जरा थांबायला हवं.

पॅक-१२ संघटनेत स्टॅनफर्ड, बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन यांसारखी नामवंत विद्यापीठं होती. त्यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये स्वतःच्या मालकीचं जाळं उभारलं. एक राष्ट्रीय वाहिनी आणि सहा प्रादेशिक. कल्पना उदात्त होती. कोणत्याही बड्या कंपनीला भागीदारी न देता आपला खेळ आपणच दाखवायचा. प्रादेशिक वाहिन्यांमुळे ओरेगनच्या माणसाला ओरेगनचे, अ‍ॅरिझोनाच्या माणसाला अ‍ॅरिझोनाचे खेळ मिळणार होते. स्थानिक प्रेक्षकाचा एवढा विचार दुसऱ्या कोणत्या संघटनेनं केला नव्हता, आणि म्हणूनच पुढची निराशा जास्त लागते. डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट कंपनीशी त्यांचा करार कधीच झाला नाही. बारा मोसम झाले, आयुक्त बदलले, तरी नाही. अमेरिकेतले बहुतेक स्पोर्ट्स बार डायरेक्टटीव्हीवर चालतात. त्यामुळे ज्याच्या घरी वाहिनी नाही त्याला कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाऊनही सामना सापडत नव्हता. डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागात केबल पोचत नाही, तिथं डिश हाच एक मार्ग. नेमका तोच बंद.

शिवाय वेळेचा प्रश्न. राष्ट्रीय वाहिन्यांना पूर्वेकडचे मोठे सामने संपल्यावर रिकामा वेळ भरायचा असतो, म्हणून पश्चिमेचे सामने संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचे. ते संपेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे दोन वाजलेले असतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ पुलमन या गव्हाच्या शेतांमधल्या गावात आहे. त्याचे हजारो माजी विद्यार्थी सिअ‍ॅटलच्या बाजूला राहतात, साडेचारशे किलोमीटर लांब. सामना अकराच्या सुमारास संपणार, मग अंधाऱ्या रस्त्यानं रात्रभर गाडी हाणायची किंवा मुक्कामाला खोली शोधायची. त्यात सामन्याची वेळ वाहिनी बारा दिवस आधी, कधीकधी सहाच दिवस आधी जाहीर करते. लहान मुलं घेऊन येणाऱ्या कुटुंबानं काय ठरवायचं? चाहते आवाज उठवत राहिले आणि वेळापत्रक वाहिन्या ठरवत राहिल्या.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. ३० जून २०२२ ला सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याचं जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला एकाच दिवसात आणखी पाच विद्यापीठं फुटली. त्यानंतर महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली हे अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत गेले. उरली दोन, पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉरव्हॅलिसचं ओरेगन स्टेट. दोन्ही लहान गावांमधली, दोन्ही सरकारी, दोन्ही टीव्हीच्या बाजारपेठेत ‘छोटी’. शंभर वर्षांहून जुनी संघटना टीव्हीच्या पैशापायी मोडली. पॅक-१२ नेटवर्क ३० जून २०२४ ला बंद झालं.

जे राहिले त्यांचंही बरं चाललेलं नाही. ३१ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सॉल्ट लेक सिटीत युटा आणि फ्लोरिडा यांचा सामना सुरू होता. ईएसपीएनची मालक कंपनी डिस्ने आणि चार्टर केबल यांचा करार फिसकटला, आणि चार्टरच्या जवळपास दीड कोटी घरांमध्ये ईएसपीएनचं चित्र सामना चालू असतानाच गेलं. तोडगा निघायला ११ सप्टेंबर उजाडला. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला डायरेक्टटीव्हीच्या ग्राहकांवर तीच पाळी आली, लुइझियाना स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया यांच्या सामन्याच्या वेळी. २०२५ मध्ये यूट्यूब टीव्ही आणि डिस्ने यांचं बिनसलं. ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, म्हणजे मोसमाच्या ऐन भरातले दोन शनिवार, सुमारे एक कोटी ग्राहकांना ईएसपीएन आणि एबीसी मिळालं नाही. तिन्ही वर्षी भांडणाला मुहूर्त फुटबॉलच्या मोसमाचाच लागला, कारण चाहता हवालदिल झाला तरच समोरची कंपनी नमते. पैसे भरलेला ग्राहक तिथं ओलीस असतो. हे शब्द कठोर वाटतील, पण दुसरे योग्य शब्द मला सापडत नाहीत.

केबल सोडून इंटरनेटकडे गेलेल्यांची दमछाक वेगळी. ११ सप्टेंबर २०२१ ला नोत्र दाम आणि टोलेडो यांचा सामना फक्त पीकॉक या इंटरनेट सेवेवर होता. नोत्र दामचे घरचे सामने १९९१ पासून एनबीसीच्या मोफत वाहिनीवर दिसत आले होते. आता एका संघाचा अख्खा मोसम पाहायचा तर दोन-तीन सेवांची वर्गणी भरावी लागते. वृद्ध चाहत्यांना ही अ‍ॅपं उघडताना नातवंडांना हाक मारावी लागते. जुनी सवय अशी, की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि गावच्या रेडिओवरचं समालोचन ऐकायचं, कारण राष्ट्रीय समालोचकाला आपल्या पोरांची नावंही नीट उच्चारता येत नाहीत. इंटरनेटवरचं चित्र मागाहून येतं, त्यामुळे रेडिओवर टचडाउन झालेलं कळतं आणि पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेपाशीच असतो.

भूगोलाचाही फटका आहे. टीव्हीच्या जाहिरातींसाठी देशाचे २१० विभाग पाडलेले आहेत आणि ते राज्यांच्या सीमा मानत नाहीत. मिशिगनमधला मेनॉमिनी जिल्हा टीव्हीच्या हिशेबात विस्कॉन्सिनच्या ग्रीन बेला जोडलेला आहे. कोलोरॅडोतलं डुरँगो हे न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या विभागात येतं. कर एका राज्यात भरायचा, मतदान तिथंच, मुलं तिथल्या विद्यापीठात, आणि टीव्हीवर शेजारच्या राज्याचा संघ. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड मुंबईत दिसावा आणि वर्गणी देणाऱ्या गावकऱ्याला कनातीबाहेर उभं करावं, तसा हा प्रकार.

विद्यापीठांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, मुलींचं हॉकी असे वीस-वीस खेळ चालतात. शेजारचं विद्यापीठ कोट्यवधी घेत असेल तर आपण मागं राहून चालत नाही, ही भीती खरी आहे. बिग टेनचा २०२३ पासूनचा सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. एवढ्या रकमेपुढे मेनॉमिनीच्या प्रेक्षकाचा विचार कोण करणार, हेही समजतं. पण याच देशात याचं उत्तर आधीपासून आहे, आणि ते धंद्यासाठीच चालणाऱ्या लीगनं दिलेलं आहे. एनएफएलचा सामना केबलवर असो की इंटरनेटवर, खेळणाऱ्या दोन्ही संघांच्या शहरांमध्ये तो साध्या स्थानिक वाहिनीवर मोफत दाखवावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटी आणि मायामी यांचा बाद फेरीचा सामना देशाला पीकॉकची वर्गणी भरून पाहावा लागला. कॅन्सस सिटी आणि मायामीत तो एनबीसीच्या स्थानिक वाहिनीवर फुकट दिसला. त्यामुळे एनएफएलचं दिवाळं निघालं नाही. बास्केटबॉलमधले फीनिक्स सन्स आणि युटा जॅझ हे संघ २०२३ मध्ये केबल सोडून आपापल्या राज्यातल्या मोफत वाहिन्यांवर परतले. मोंटाना राज्यातल्या दोन्ही विद्यापीठांचे बरेचसे सामने आजही राज्यभरच्या स्थानिक वाहिन्यांवर दिसतात. पुलमन आणि कॉरव्हॅलिसचे कित्येक घरचे सामने एकटे पडल्यावर सीडब्ल्यू या मोफत वाहिनीवर आले.

अब्जाधीश मालकांची लीग जे कलम पाळते, ते जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांनी पाळू नये, याला काहीही समर्थन नाही. सरकारी विद्यापीठाचा प्रत्येक सामना त्याच्या राज्यात, अँटेनावर, मोफत दिसला पाहिजे. उरलेल्या देशाला कंपन्यांनी तो हव्या त्या किमतीला विकावा.

बिग टेनचा करार २०३० मध्ये संपेल आणि त्याच्या वाटाघाटी त्याआधीच सुरू होतील. मिशिगन विद्यापीठाचे आठ रीजंट, म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य, राज्यातले मतदार थेट निवडून देतात, दर दोन वर्षांनी दोन जागा. ट्रॉय, नोव्हाय, कँटनमधल्या ज्या मराठी घरांत आता अमेरिकेचं नागरिकत्व आहे, त्यांच्या मतपत्रिकेवरही ही नावं असतात. काही जण तिथपर्यंत पोचण्याआधीच मतपत्रिका संपवतात. पुढच्या वेळी त्या रकान्यापाशी थांबा, आणि मत देण्याआधी प्रत्येक उमेदवाराला विचारा: पुढच्या करारात आमच्या राज्यासाठी मोफत प्रक्षेपणाचं कलम घालणार का?